माझ्या हातचा ब्लाऊज कुणालाच घट्ट होत नव्हता

बीडमध्ये माझं शिवणकामाचं दुकान आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण निम्म्या जिल्ह्याला ते आप्पांचं संपर्क कार्यालय वाटतं.

रोजचा नमुना ऐका. बाई येते, पिशवीतून ब्लाऊजपीस काढते, मी टेप घेऊन उभी राहते. छातीचं माप होतं, कमरेचं होतं, बाहीवर आले की बाई हळूच म्हणते, "ताई, आमच्या वस्तीवरली लाईटची डीपी जळालीय. लई दिस झाले. तेवढं आप्पाच्या कानावर घाला की." मी विचारते, बाही कोपरापर्यंत ठेवू की वर? बाई म्हणते, तुमाला बरी वाटंल तशी ठेवा. तिचा दंड माझ्या टेपमध्ये असतो आणि जीव डीपीत. मग डीपी बसते किंवा बसत नाही, पण ब्लाऊज न्यायला बाई बहुतेक येत नाही. असे न नेलेले ब्लाऊज ठेवायला मला वेगळं कपाट करावं लागलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. तलवाड्याच्या पुढे आमचं गाव आहे. तिथली जमीन, कापसाचं जिनिंग, रस्त्यावरचा पेट्रोल पंप आणि जिल्हा परिषदेतलं आप्पांचं वर्षानुवर्षांचं राजकारण असा सगळा पसारा. आई मी शाळेत असतानाच गेली, भाऊ-बहीण कुणी नाही. म्हणजे आज ना उद्या हे सगळं माझ्याच गळ्यात पडणार होतं. त्यामुळे मी पुण्याला फॅशनचं शिकले, मुंबईत एका डिझायनरबाईंच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलापाशी उभी राहून पायाला गोळे आणले आणि बीडला येऊन दुकान थाटलं, याचा अर्थ इथे कुणालाच लागला नाही. "तुमाला काय कमी हाय ताई, कावून शिवत बसता?" हा प्रश्न मला कापडवाल्याने विचारलाय, बँकेच्या साहेबांनी विचारलाय, आणि एकदा तर दुकानाचं शटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने काम अर्धवट सोडून विचारलाय.

आप्पांनी मात्र वेगळंच काढलं. दुकानाची पूजा झाली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मने, एक बोली करू. मानसं तुझ्या कामावर यायला लागली, तर मी जिनिंगचं नाव काढनार न्हाई. पर माझ्या नावावर येत असतील, तर हे बंद करायचं आन गुमान जिनिंगवर बसायचं." मी मनीषा, आणि आप्पांची मनी. मी लगेच हो म्हटलं. मुंबईत शिकून आलेली, मला वाटलं यात अवघड ते काय.

अवघड काय ते सांगायचं तर थोडं शिवणकाम सांगावं लागेल. ब्लाऊज हा दिसायला एवढासा कपडा, पण त्याच्याइतका खट दुसरा नाही. ड्रेस थोडा सैल झाला तर फॅशन म्हणून खपतो. ब्लाऊजला कुठेच लपायला जागा नसते. त्यातही सगळी खरी गोम मुंढ्यात. बाही जिथे अंगाला जोडतात त्या गोलाईला मुंढा म्हणतात. तो खोल कापला तर काखेत चुण्या पडतात, आखूड कापला तर हात वर होत नाही. आणि बायकांना हात वर करावेच लागतात, केस बांधायला, डब्यावरचा डबा काढायला, बसमध्ये दांडी धरायला. कापायचं शाळेत शिकता येतं. अंगावर बसवायचं मात्र फक्त गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन येतं. मुंबईत बायका ब्लाऊज टेबलावर आपटायच्या. "हे काय शिवलंय" म्हणायच्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि पुढचा ब्लाऊज चांगला शिवायचे.

बीडला आल्यावर माझ्या ब्लाऊजमध्ये एकही चूक निघेना. घालून बघा म्हटलं की बाया पडद्यामागे जायच्या, बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "लई भारी." जाड बाई, बारकी बाई, सगळ्यांना लई भारी. पहिले काही महिने मी हवेत होते. आपला हात बसला, असं मला खरंच वाटलं होतं.

मग वडवणीचं लग्न झालं. तिथल्या एका सरपंचाच्या मुलीचा शालूवरचा ब्लाऊज मी शिवला होता. मागे नक्षी, बाहीवर जरीचं काम, माझ्यासोबत काम करणाऱ्या शबानाआपांनी त्यावर डोळे घालवले होते. आपा म्हणजे हातशिलाईचं काम. तुरपाई, हूक, काजं, बारीक भरतकाम, सगळं त्यांच्याकडे. आम्ही दोघी लग्नाला गेलो. अंतरपाट बाजूला झाला, हार घालायची वेळ आली, आणि नवरी काही हार घालेना. नवरदेवाच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं, नेहमीची गंमत. मंडपात हशा. नवरीने हात उचलले ते छातीपर्यंत येऊन थांबले. पुन्हा उचलले, पुन्हा तिथेच. लोकांना वाटलं लाजतेय. मला लांबूनही तिच्या खांद्यावर ताणलेली शिवण दिसत होती. शेवटी नवरदेवालाच खाली उतरवून वाकवलं आणि तिने हार त्याच्या डोक्यावर टाकला. तो एका कानाला अडकला.

जेवणं झाल्यावर मी तिच्या आईला गाठलं. म्हटलं, मावशी, ब्लाऊज मुंढ्यात आवळला ना? माझी चूक झाली. मावशी इकडे-तिकडे बघून म्हणाल्या, "छ्या, छ्या. लई भारी झालाय ताई. पोरगीच जरा अंगानं आडमुठी हाय." सख्ख्या लेकीला, तिच्या लग्नात, आडमुठी म्हणाल्या, पण ब्लाऊज आवळलाय असं काही म्हणाल्या नाहीत. परत येताना शबानाआपा बसमध्ये म्हणाल्या, "डरते उनो, ताई. सरपंचाचं काम आप्पाकडं अडकेलंय. तुमारे सामने कुच नै बोलते." मी विचारलं, सगळ्याच? आपा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सगळ्याच." मग कळलं की माझ्याकडचे ब्लाऊज घरी जाऊन उसवले जातात, चार बायका मिळून ते सैल करतात, आणि नाही जमलं तर पेटीत जातात.

मला इतका राग आला की काय सांगू. कुणावर काढायचा तेही कळेना. कुणी माझं वाईट केलं नव्हतं. सगळे माझा मानच राखत होते. मी दुकानात पाटी लावली: फिटिंगची तक्रार सांगणाऱ्यास चहा मिळेल. बाया आल्या, चहा प्यायल्या, आणि म्हणाल्या, "तक्रार काई न्हाई ताई. चहा लई भारी."

ब्लाऊजमधून सुख मिळेना म्हणून मी दुसरं काम काढलं. आमच्या गावाकडच्या घरात एक खोली सत्काराच्या शालींची आहे. आप्पांचा सत्कार झाला नाही असा आठवडा जात नाही, आणि शालीशिवाय सत्कार होत नाही. लाल, मोरपंखी, हळदी रंगाच्या, काठाला खोटी जर, डांबरगोळ्यांच्या वासात छतापर्यंत रचलेल्या. त्यातल्याच शाली घरून दुसऱ्यांच्या सत्काराला जातात आणि फिरून पुन्हा आमच्याच घरी येतात. चहाचा डाग पडलेली एक शाल तर मी आप्पांच्या खांद्यावर दोन वेगवेगळ्या गावांत पाहिलीय. मी आप्पांना विचारलं, यातल्या थोड्या कापू का? म्हणाले, "घे की. नुसत्या पडल्यात."

त्या शाली उसवून, कापून, एकावर एक शिवून मी भिंतीवर लावायचे मोठाले पडदे केले. मागे जाड कॅनव्हास, वर दांडी घालायला नेफा. प्रत्येकावर शालींच्या थरांमधून आणि कॅनव्हासमधून आरपार माणसाच्या पाठीचा आणि खांद्यांचा आकार कापून काढलेला. शाल आहे, मान आहे, माणूस तेवढा नाही, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. या कामात मी पहिल्यांदा खुशीत होते, कारण यात कुणाचा मुंढा नव्हता.

बीडमध्ये असलं काही लावायला जागा नाही, म्हणून मंगल कार्यालय घेतलं. मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला, नवरदेवाकडची मंडळी किती? शेवटपर्यंत त्याला प्रदर्शन ही गोष्ट पटली नाही. आम्ही नको नको म्हणत असताना त्याने स्टेजवर दोन सिंहासनं मांडलीच. सकाळी दार उघडलं आणि दुपारच्या आत सगळे पडदे विकले गेले. एकही उरला नाही. घेणारे बहुतेक पांढऱ्या कपड्यांतले पुरुष होते आणि चित्राकडे फार वेळ बघत नव्हते, हे मी पाहिलं होतं. पण आनंदात माणूस असल्या गोष्टींकडे काणाडोळा करतो. आपांना मिठी मारून मी त्या सिंहासनावर बसले आणि आप्पांना फोन केला.

आप्पा त्या संध्याकाळी स्वतः आले. रिकाम्या भिंती पाहिल्या. फार बोलणारा माणूस, पण तेव्हा एवढंच म्हणाले, "जिकलीस तू मने. जिनिंगचं मी बघतो काय करायचं ते." मला वाटलं, सुटले.

पंधरवड्यावर आप्पांचा वाढदिवस होता. गावात देवळासमोर मांडव, माईकवर भाषणं, आप्पा मधोमध खुर्चीत. औक्षणाचं तबक घेऊन मी वर गेले. आप्पांच्या खांद्यावर शालींचा ढीग होता, तो नेहमीच असतो. पण आप्पा विचित्र ताठ बसले होते, पाठीला फळी बांधल्यासारखे, आणि घामाने निथळत होते. मी निरांजन ओवाळता ओवाळता बघितलं. सगळ्यात वर माझा मोरपंखी पडदा होता. त्याखाली हळदी रंगाचा. त्याखाली आणखी. दांड्या काढून, कॅनव्हाससकट त्यांना पांघरले होते. मी जिथे माणूस कापून काढला होता तिथून आप्पांचं डोकं बाहेर आलं होतं.

"आप्पा," मी हळू आवाजात म्हटलं, "ही शाल नाही."

"मंग काय हाय?"

"भिंतीवर लावायचं चित्र आहे. माझं."

"मंग माझ्या अंगावर कावून?"

तेवढ्यात भाऊसाहेब आणखी एक पडदा हातावर घेऊन पुढे आले. भाऊसाहेब आप्पांचे जुने कार्यकर्ते, आप्पांची सावलीच म्हणा. मी तबक तसंच हातात धरून त्यांना विचारलं, भाऊसाहेब, हे तुम्ही घेतले होते? ते अगदी प्रेमाने म्हणाले, "मी एकट्यानं कसं घेईन? समद्यांना सांगून ठिवलं, एकेक उचला. एक बी ऱ्हायली असती तर लोकं काय म्हनली असती, ताई? तुमची इज्जत ती आप्पाची इज्जत." मी म्हटलं, पण मग आप्पांना पांघरले कशाला? भाऊसाहेबांना माझा प्रश्नच समजला नाही. "सत्काराला शाल लागतीच की. घरात एवढी भारी असताना बाजारातून नवी कावून घ्यावी?"

या बोलण्यात मला आजही खोट काढता येत नाही. तेच तर सगळ्यात जास्त झोंबतं.

आप्पांनी मात्र ऐकलं होतं. मांडवात शेवटपर्यंत ते त्या कॅनव्हासमध्ये बसून राहिले. घरी आल्यावर मान चोळत म्हणाले, "म्हंजी तुझ्यासाठी एक बी मानूस आलं नव्हतं." चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते वाईट वाटून म्हणाले. मी पाटावर बसून रडले, अगदी लहान मुलीसारखी हुंदके देऊन. आप्पांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "दिवाळीपोत्तर बघ. मंग बोलीप्रमानं."

माझे पडदे अजून फिरताहेत. गेवराईत एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाच्या फोटोत त्यातला एक त्यांच्या खांद्यावर दिसला, सर ताठ उभे होते.

दिवाळी आली. बाजारात गर्दी, दुकानात शिवायला कपडा बऱ्यापैकी, पण त्यातला किती माझा आणि किती आप्पांचा हे मला सांगता आलं नसतं. एका दुपारी आप्पा दुकानात येऊन बाकावर बसले. काय बोलायला आलेत ते मला माहीत होतं. त्यांनाही घाई नव्हती. चहा मागवला, घोट घेतला, आणि दारातून एक बाई आत आली. साठीला टेकलेली, काटक, डोक्यावर पदर. हातातली पिशवी तिने काउंटरवर उपडी केली.

"ह्यो बिलाऊज कुनी शिवलाय?"

शबानाआपांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मी शिवलाय.

"खांद्यावरून उतरतोय. वाकलं की इकडं येतोय, उठलं की तिकडं. लेकीच्या सासरी गेलते, समदा येळ पदर सावरन्यात गेला. असलं शिवत्यात व्हय? कापड बी वाया घालवलं."

मी ब्लाऊज हातात घेतला. पाठीचा गळा मी रुंद धरला होता, वरून खांद्याचा उतार चुकला होता. चूक माझीच होती, स्पष्ट दिसत होती. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते असं भर दुपारी, दिवाळीच्या गर्दीत, काउंटरवर येऊन पडलं होतं.

मागून आप्पांनी घसा खाकरला. आयुष्यभर लोकांची भांडणं मिटवलेला माणूस, गप्प कसा बसणार? "बाई, बसा, शांतपनं सांगा," ते म्हणाले.

बाईने वळून बघितलं. ओळखलं. मीही तेव्हाच ओळखलं तिला. तलवाड्याच्या कौसाबाई. आप्पांच्या माणसाला पाडून ज्यांनी ग्रामपंचायत घेतली, त्या घरातल्या. आमच्या घरचं पाणी पीत नाहीत आणि आम्हीही त्यांचं पीत नाही. माप आपांनी घेतलं होतं, मी त्या दिवशी दुकानात नव्हते.

"आप्पा का? बसा तुमी," कौसाबाई म्हणाल्या. "तुमचं आमचं भांडान गावात. हितं मी बिलाऊज आनलाय. मधी बोलू नका."

आप्पांना कुणी असं गप्प बसवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी कौसाबाईंना विचारलं, मावशी, माझ्याकडे कशा काय आलात? त्या वैतागून म्हणाल्या, "आमच्या शाळंतल्या बाईंच्या अंगावर तुझा बिलाऊज बघितला. चांगला दिसला म्हनून आले. मला काय ठावं माझ्याच बिलाऊजचं वाटोळं करशील."

मी तिथेच खांद्याची शिवण उसवली, उतार दिला, गळा आत घेतला, मशीनवर टीप मारली. कौसाबाई पडद्यामागे गेल्या. आल्या त्या आरशासमोर उभ्या राहून वाकल्या, उठल्या, हात वर केले, कोपर मागे नेले. फार वेळ बघत होत्या.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "मगापेक्षा बरा. पर डाव्या बाजूला अजून सरकतोय."

आता माझाही संयम संपला. मी म्हटलं, मावशी, तुमचा डावा खांदाच उजव्यापेक्षा खाली आहे, त्याला मी काय करू?

"खांदा माझा हाय. बिलाऊज तू शिवलाय," कौसाबाई म्हणाल्या. "खांदा उसवता येत न्हाई."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांचा चहा तसाच गार झाला होता. ते कौसाबाईंच्या खांद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं. बोली त्यांच्या लक्षात होती आणि माझ्याही. "उसव की मंग," ते म्हणाले. मी कात्री उचलली. ते बाकावरून उठले, दारात जाऊन उभे राहिले आणि आपल्या चुलतभावाच्या मुलाला, बाळूला फोन लावला. बाळू शेती शिकलेला, कामाचा मुलगा आहे.

"बाळू, उद्यापासनं जिनिंगवर तू बसायचं. चाव्या घरून घे," आप्पा फोनमध्ये म्हणत होते. लहानपणी त्या जिनिंगच्या सरकीच्या ढिगात मी लोळले आहे, आणि ते असं एका फोनवर माझ्या हातून गेलं. तिकडून बाळूने काहीतरी विचारलं असणार.

"न्हाई, न्हाई," आप्पा म्हणाले. "तिला येळ न्हाई. गिऱ्हाईक बसलंय तिच्याकडं."